शास्त्रीय कलावंताने चित्रपटाला संगीत देताना

शास्त्रीय संगीताची तालीम घेतलेल्या कलावंताला चित्रपटसंगीताकडे वळायचे असेल, तर त्याने आधी काही वर्षे वादक किंवा सहायक म्हणून रेकॉर्डिंगच्या खोलीत काढावीत. पं. शिवकुमार शर्मा यांनी १९५५ च्या 'झनक झनक पायल बाजे'मध्ये वसंत देसाई यांच्यासाठी संतूर वाजवले, पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह 'शिव-हरी' या नावाने 'सिलसिला'चे संगीत त्यांनी दिले, ते १९८१ मध्ये. दोन कडव्यांमधली जागा मोजक्या सेकंदांत कशी भरावी, हे घरच्या रियाजात उमगत नाही.

पार्श्वसंगीताचे काम हाती आले, की संकलित दृश्य आधी पुन्हा पुन्हा पाहावे, संगीत कुठे उठणार आणि कुठे थांबणार हे दिग्दर्शकासमवेत ठरवावे आणि राग त्यानंतरच निवडावा. मग हिशेब मांडावा. दृश्य ३६ सेकंदांचे आणि लय मिनिटाला ८० मात्रांची असेल, तर सोळा मात्रांच्या त्रितालाचे आवर्तन १२ सेकंदांत पुरे होते, म्हणजे तीन आवर्तनांनंतरची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) नेमकी पुढच्या दृश्याच्या आरंभी पडते. दुसऱ्या दिवशी संकलकाने तेच दृश्य ४० सेकंदांचे केले (आणि असे होतेच), तर नवी रचना बांधत बसू नये. लय ७२ वर उतरवली, की तीच तीन आवर्तने पुरतात.

खरी अडचण रागाच्या शिस्तीची असते. मैफलीत राग सावकाश उलगडणे हे कर्तव्य मानले जाते, पडद्यावर मात्र तेवढी उसंत नसते. पं. रविशंकर यांचे संगीत असलेल्या 'पथेर पांचाली'त परतलेल्या नवऱ्यासमोर सर्वजया मुलीच्या मृत्यूने हंबरडा फोडते, पण तिचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईवर (गजाने वाजवायच्या, शहनाईसारख्या आवाजाच्या तंतुवाद्यावर) पटदीप राग वाजतो. आधी आलाप नाही, मागून विस्तार नाही, एकदम तारसप्तकातली आर्तता. राग असा मधूनच उचलणे आणि अर्ध्यावर सोडणे ज्याला जमत नाही, त्याने हे काम स्वीकारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गाण्याची चाल गायकाच्या पट्टीत बांधावी. स्वतः काळी एकमध्ये (पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी षड्ज मानून) गाणाऱ्याने काळी चारच्या गायिकेसाठी केलेला अंतरा तिच्याकडूनच गाऊन घेऊन पारखावा. व्हायोलिनवादकांना स्वरलिपी संगीत संयोजक लिहून देतो, परंतु मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे) आणि आंदोलन (स्वराचे हळुवार झुलणे) कागदावर पुरते उतरत नाही, म्हणून ती जागा त्यांना गाऊन दाखवावी.

करारावर सही करताना २०१२ ची कॉपीराइट कायद्यातील दुरुस्ती ध्यानात ठेवावी. चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज रचनेचा जो अन्य वापर होतो, त्याच्या रॉयल्टीतील समान वाटा संगीतकाराला सोडून देता येत नाही. तो हक्क केवळ वारसांकडे किंवा कॉपीराइट संस्थेकडे सोपवता येतो. त्यामुळे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे (गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट संस्थेचे) सभासदत्व घेऊन प्रत्येक चालीची तिथे नोंद करावी, आणि मुखडा परंपरागत बंदिशीवरून घेतला असेल तर तसे लेखी नमूद करावे.