गृहपाठ आधी मोजा, मग द्या: चौथी-पाचवीच्या आठवड्याची आखणी

माझ्या वर्गात दोन इयत्ता बसतात. खिडकीच्या बाजूला चौथीची तेरा मुलं, दाराच्या बाजूला पाचवीची चौदा. जुन्नर तालुक्यातली जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पहिली ते तिसरी सर सांभाळतात, उरलेलं माझ्याकडे. परवा शिक्षण परिषदेत नव्यानं रुजू झालेल्या एका बाईंनी विचारलं, "तुम्ही आठवड्याचं बसवता तरी कसं?" चहाच्या वेळात सगळं सांगून होईना, म्हणून लिहायला बसले.

आधी तपासण्याचा हिशेब

पहिली काही वर्षं मी उलटंच करायचे. रोज पाचही विषयांचा गृहपाठ. जितका जास्त, तितक्या बाई कडक, असं गावालाही वाटायचं आणि मलाही. आता आकडे बघा. वह्या २७. एका वहीला दोनच मिनिटं धरली तरी एका विषयाची ५४ मिनिटं, पाच विषयांचे साडेचार तास. रोजचे! एवढा वेळ नसतोच, मग वहीवर उरते फक्त बरोबरची खूण आणि सही. एकदा पालकसभेच्या आदल्या दिवशी एक वही पहिल्या पानापासून नीट वाचली. पठ्ठ्यानं एकाच प्रश्नाचं उत्तर तीन आठवड्यांत तीनदा लिहिलं होतं, वरची तारीख तेवढी बदलून. तिन्हीखाली माझी सही. त्याला कुठल्या तोंडानं बोलणार?

तेव्हापासून जे वाचायला मला वेळ नाही, ते मुलांना लिहायला देत नाही. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणातही दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याचे जास्तीत जास्त दोन तास, सहावी ते आठवीला रोज एक तास, असं आहे. हे दोन तास आठवड्याचे आहेत, रोजचे नव्हेत. माझी वाटणी अशी: सोमवारी गणित २५ मिनिटं, मंगळवारी वाचन २०, बुधवारी परिसर २५, शुक्रवारी लेखन ३०. या चार दिवशी पाढ्यांची पाच-पाच मिनिटं वेगळी. झाले दोन तास. गुरुवार मोकळा, कारण त्या दिवशी आमच्याकडे बाजार असतो आणि निम्मी मुलं आईबरोबर भाजीच्या पाटीपाशी बसलेली असतात. तुमच्या गावचा बाजार ज्या वारी, तो वार सोडा.

सोमवारी परिपाठ झाला की आठवड्याचं सगळं काम फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात लिहिते आणि मुलं ते वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतात. मोबाइलवर पाठवत नाही. घरात फोन एक, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील नारायणगावला टोमॅटो घालून येईपर्यंत रात्रीचे आठ. त्यानंतर पोरानं डोळे चोळत गृहपाठ करायचा, हे मला पटत नाही.

गणित: सहाच, पण बघून निवडलेली

वीस गणितं देऊ नका. ज्याला येतं त्याला तो कंटाळा, आणि ज्याला येत नाही तो एकच चूक वीसदा गिरवून पक्की करून आणतो.

परवाचंच सांगते. पाचवीला ५००३ वजा २७६८ दिलं होतं. चौदापैकी पाच जणांचं उत्तर ३७६५. पाच जणांची एकच चूक आली की तिथे काहीतरी शिकवायचं राहिलंय, हे नक्की. त्यांनी प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा केलं होतं. आठातून तीन गेले पाच, सहातून शून्य सहा, सातातून शून्य सात, पाचातून दोन तीन. वर कोण, खाली कोण, हे पाहिलंच नाही. "शून्यातून सहा जात नाहीत, मग सहातून शून्य घालवलं," असं एकीनं सरळ सांगितलं. तिच्या परीनं तिनं वाट काढली होती.

अशा वेळी फळ्यावर पुन्हा रीत लिहिण्यात अर्थ नाही. मी खेळातल्या नोटा काढल्या. हजाराच्या पाच, एकेक रुपयाची तीन नाणी. "दुकानदाराला २७६८ द्यायचेत. सुट्टे आठ आहेत का?" नाहीत. दहाच्या नोटा? नाहीत. शंभराच्या? त्याही नाहीत. मग एक हजार मोडा. शंभराच्या दहा आल्या, त्यातली एक मोडा. दहाच्या दहा आल्या, त्यातली एक मोडा. आता समोर हजाराच्या चार, शंभराच्या नऊ, दहाच्या नऊ आणि सुट्टे तेरा. हे "नऊ-नऊ" कुठून आले ते एकदा हातानं मोजलं की मुलगी जन्मात विसरत नाही. उत्तर २२३५. नंतर त्या पाच जणांना त्याच धर्तीची दोनच गणितं दिली, बाकीच्यांना वेगळी.

सहा गणितं निवडताना दोन जुनी, दोन या आठवड्याची, एक शाब्दिक, एक मुलानं घरून बनवून आणायचं. आमच्याकडे ते शेवटचं हमखास टोमॅटोचं असतं: क्रेट २० किलोचं, भाव क्रेटला ३४०, तर किलोला किती? एक पोरगा वहीत भागाकार मांडून अडकला होता. मी म्हटलं, वही मीट आणि सांग. "दहा किलोचे एकशे सत्तर, म्हणजे किलोला सतरा." अशा मुलाला भागाकार येत नाही असं शेरेपत्रकात लिहू नका.

चौथीला आठवड्यातून एकदा दहा संख्यांचं श्रुतलेखन घ्या, आणि त्यात "एकोण"वाल्या मुद्दाम घाला. एकोणसाठ म्हटलं की कानाला साठ ऐकू येतं आणि हात ६९ लिहितो. दर वर्षी, न चुकता.

वाचन आणि लेखन

मंगळवारचं वाचन घरातल्या कुणालातरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. पालकांची सही मागत नाही, सह्या मुलंच करतात. त्याऐवजी ऐकणाऱ्यानं विचारलेला एक प्रश्न लिहून आणायचा. आजीनं विचारलं, "मग त्या हरणाचं काय झालं?" एवढं पुरतं. ज्याला वाचता येत नाही अशा माणसालाही प्रश्न विचारता येतो, हे मुलांच्या लक्षात येतं ते वेगळंच.

शुक्रवारी पाच ओळी. "माझा आवडता प्राणी" नको. पाचवीच्या पंचवीस वर्षांच्या वह्या एकत्र केल्यात तरी गाय एकच निघेल. विषय अरुंद द्या: आज डब्यात काय होतं आणि ते कुणी केलं, पाटाला पाणी आल्यावर पहिलं काय होतं. तपासताना सगळे ऱ्हस्व-दीर्घ लाल करू नका. एका आठवड्याला एकच गोष्ट बघा. या आठवड्यात पूर्णविराम, पुढच्या आठवड्यात अनुस्वार.

परिसर, आणि माझी एक चूक

बुधवारचा गृहपाठ गावात डोळे उघडून बघण्याचा. चौथीचा इतिहास म्हणजे शिवछत्रपती, आणि शिवनेरी आमच्या शाळेच्या ओट्यावरून दिसतो. यासारखं नशीब नाही. पाचवीला विचारते, आपल्या पाटाचं पाणी कुठल्या धरणातून येतं? कुकडी प्रकल्पाची धरणं पाच: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. मुलं घरी विचारतात आणि दुसऱ्या दिवशी वर्गात भांडतात. तेवढं भांडण मी होऊ देते.

एकदा मात्र मी चंद्राच्या कला दिल्या. पंधरा दिवस रोज रात्री चंद्र बघून चित्र काढा. दुसऱ्याच दिवशी एक आजोबा काठी टेकत शाळेत. "बाई, पोरं रात्रीची अंगणात उभी करायची का? उसातून बिबट्या येतो, परवा आमची शेळी नेली." मान खाली घालून ऐकलं. इथे एवढी वर्षं राहून हे माझ्या डोक्यात यायला नको होतं? गृहपाठ फिरवला: शुद्ध पक्षात चंद्र दिवस मावळायच्या सुमारासच वर असतो, तो दारातूनच बघायचा. वद्य सप्तमी-अष्टमीच्या आसपास तर सकाळी शाळेत येतानाच पश्चिमेला फिकट चंद्र दिसतो. त्या आठवड्यात मुलं मला वाटेतच थांबवायची, "बाई, तो बघा." रात्रीपेक्षा हे बरं जमलं. तुमच्या गावात बिबट्या नसेल, पण हायवे असेल, विहीर असेल. बाहेरचं काम देताना अंधाराची वेळ आधी विचारात घ्या.

तपासणी

सहा गणितांतली दोन मी स्वतः बघते, बाकीची मुलं शेजाऱ्याशी वही बदलून. वह्यांचे तीन गठ्ठे करते: जमलं, घाईत चुकलं, कळलेलंच नाही. तिसरा गठ्ठा हातात घेऊन दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं बसते. तेवढा वेळ चौथी आपापली वाचते, पाचवीतलं एक मोठं पोर लक्ष ठेवतं. वहीत "चूक" न लिहिता प्रश्न लिहिते: "शून्यानं कुणाकडून घेतलं?" गठ्ठ्यातली नावं नाही, चुका टाचण वहीच्या, म्हणजे रोज काय शिकवायचं ते मी लिहून ठेवते त्या वहीच्या, समासात उतरवते.

ऊसतोडीच्या हंगामात कोपीवरची, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांतली, चार-पाच मुलं मध्येच वर्गात येतात. कोपीत दिवा नसतो, संध्याकाळी धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं. त्यांचा गृहपाठ खिचडी झाल्यावर शाळेतच, वीस मिनिटं. हळूहळू गावातली मुलंही त्यांच्याजवळ येऊन बसायला लागली, मी हाकललं नाही. न केलेल्या गृहपाठाबद्दल कुणाला उभं करत नाही. आधी का राहिला ते विचारते, आणि दहातल्या सात वेळा कारण खरं असतं.

शनिवारी शाळा सकाळची, दप्तर नाही. पाढे म्हणायचे, शुक्रवारच्या ओळी ज्याला वाटेल त्यानं वाचायच्या. मुलं गेली की टाचण वहीचा समास बघायचा आणि त्यातली सगळ्यात जास्त जणांची चूक सोमवारच्या पानावर सगळ्यात वर लिहायची. येत्या सोमवारचं पहिलं गणित लिहून ठेवलंय: ७००२ वजा ३६४८. नोटांची पिशवी टेबलावरच आहे.