डेव्हिड लिंचचे अस्वस्थ करणारे प्रसंग कसे बघावेत

अमेरिकी दिग्दर्शक डेव्हिड लिंचचा (1946–2025) सिनेमा बघून झाल्यावर बहुतेकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे नक्की काय झालं?’ प्रश्न रास्त आहे, पण तो थोडा मागे ठेवा. अर्थ लागत नसतानाही पोटात गोळा येतो, तो कशाने? याचं उत्तर पडद्यावर आणि विशेषतः आवाजात असतं. ते शोधायची एक पद्धत इथे देतो. तिच्यासाठी सिनेमाचं शिक्षण लागत नाही, फक्त वेळ लागतो. पुढे काही प्रसंग उलगडून सांगितले आहेत, त्यामुळे ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ (2001) बघितला नसेल तर आधी तो बघा.

पायरी 1: सलग बघा

खोलीत अंधार करा, हेडफोन लावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. मोबाइलचा स्पीकर इथे उपयोगाचा नाही, कारण लिंचची भीती बरीचशी खालच्या पट्टीतल्या घरघरीत असते आणि ती लहान स्पीकरमधून ऐकूच येत नाही. मध्ये थांबू नका. ‘मलहॉलंड ड्राइव्ह’च्या डीव्हीडीवर लिंचने प्रकरणांची विभागणी ठेवली नव्हती. सुटा प्रसंग काढून बघणं त्याला मान्यच नव्हतं.

एक सूचना मनापासून. ‘ब्लू व्हेल्व्हेट’मध्ये (1986) लैंगिक हिंसा आहे आणि ती सौम्य करून दाखवलेली नाही. त्रास होत असेल तर बंद करा, त्यात कमीपणा नाही.

पायरी 2: एकच प्रसंग निवडा आणि तीनदा बघा

सुरुवात ‘मलहॉलंड ड्राइव्ह’मधल्या विंकीज या उपाहारगृहातल्या प्रसंगापासून करा. भर दिवस, टेबलावर दोन माणसं. एक जण दुसऱ्याला आपलं स्वप्न सांगतो. स्वप्नातली जागा हीच. ‘तू त्या काउंटरपाशी उभा होतास, घाबरलेला होतास,’ असं तो मित्राला म्हणतो. या इमारतीच्या मागे एक माणूस आहे, त्याचा चेहरा स्वप्नाबाहेर कधी दिसू नये, एवढीच इच्छा. ऐकणारा उठतो आणि बिल द्यायला नेमका त्याच काउंटरपाशी जाऊन उभा राहतो. मग दोघं मागच्या बाजूला चालत जातात.

भिंतीआडून काय येणार, हे आपल्याला मिनिटभर आधीच सांगून झालेलं असतं, तरीही आपण दचकतो. हे कसं घडतं, ते तीन फेऱ्यांत कळतं.

पहिली फेरी नेहमीसारखी बघा.

दुसऱ्या फेरीत आवाज पूर्ण बंद करा आणि कॅमेऱ्यावर लक्ष ठेवा. दोन माणसं नुसती बोलत बसली आहेत, तरी कॅमेरा स्थिर नाही. पाण्यावर असल्यासारखा तो किंचित वर-खाली तरंगत राहतो. साध्या संभाषणात सहसा कोणी असं करत नाही. जमीन पक्की नाही, हे शरीराला डोक्याच्या आधी कळतं. मित्र काउंटरपाशी उभा राहतो तेव्हा सांगणाऱ्याचा चेहरा बघा. स्वप्न खरं ठरायला लागलंय, हे त्याला कळून चुकतं ते त्या क्षणी. माझ्या मते प्रसंगातली खरी भीती इथे आहे, भिंतीपाशी नाही.

तिसऱ्या फेरीत डोळे मिटा. संवादाखाली सतत एक गुरगुर चालू असते. शेवटी स्वप्न सांगणारा कोसळतो तेव्हा आवाज पाण्याखाली गेल्यासारखे दबतात. आपण त्या क्षणापुरते त्याच्याच कानांनी ऐकतो.

पायरी 3: काय काढून घेतलंय ते शोधा

लिंच भर घालतो त्यापेक्षा काढून जास्त घेतो. ‘लॉस्ट हायवे’मध्ये (1997) पार्टीत पांढऱ्या चेहऱ्याचा एक माणूस नायकाजवळ येतो आणि आजूबाजूचं संगीत विरून जातं. तो म्हणतो, मी आत्ता तुझ्या घरी आहे, फोन करून बघ. नायक फोन लावतो आणि तिकडून त्याच माणसाचा आवाज येतो. एक फोन आणि गायब झालेलं संगीत, एवढ्यावर सगळा प्रसंग उभा आहे.

‘ट्विन पीक्स’ या त्याच्या टीव्ही मालिकेतल्या लाल पडद्यांच्या खोलीत सरळपणा काढून घेतला आहे. नट संवाद उलटे म्हणायला शिकले, चित्रीकरणही उलट्या क्रमाने केलं आणि मग ती फिल्म उलटी चालवली. त्यामुळे शब्द कळतात, पण बोलणं-चालणं माणसासारखं वाटत नाही.

पायरी 4: प्रतीकांची यादी करू नका

निदान लगेच तरी नको. प्रत्येक वस्तूमागे आधी ठरवलेला अर्थ असतो, असं समजून लोक लिंचला कोड्यासारखा सोडवतात. ‘ट्विन पीक्स’मधलं बॉब हे भयानक पात्र घ्या. ती भूमिका करणारा फ्रँक सिल्व्हा सेटची मांडणी करणारा कर्मचारी होता. एका दृश्यात तो चुकून आरशात दिसला. लिंचने ते पुन्हा चित्रित केलं नाही, उलट त्या चेहऱ्याला मालिकेचा राक्षस केलं. अपघात ओळखून ठेवून घेणं हीच त्याची पद्धत होती, आणि ती कुठल्याही प्रतीकाच्या खुलाशापेक्षा जास्त सांगून जाते.

पायरी 5: दोन ओळी लिहा, मग दुसऱ्यांचं वाचा

प्रसंग संपल्यावर लगेच लिहून ठेवा: अस्वस्थता नेमकी कधी सुरू झाली आणि त्या क्षणी कोणता आवाज होता. इतरांचे अर्थ त्यानंतरच वाचा, नाहीतर आपलं ऐकलेलं पुसलं जातं.

पुढचा सराव म्हणून ‘ब्लू व्हेल्व्हेट’ची पहिली काही मिनिटं घ्या. पांढरं कुंपण, लाल गुलाब, हिरवळीला पाणी घालणारा गृहस्थ. पाइपला पीळ पडतो, माणूस कोसळतो, कॅमेरा गवतात शिरतो आणि किड्यांपर्यंत पोचतो. आवाज बंद न करता बघा आणि गाणं कुठे मागे पडतं, किड्यांची करकर कुठे सुरू होते, ते सेकंदासकट टिपा. ‘इरेझरहेड’ (1977) त्यानंतर घ्या. त्यात कारखान्यासारखी घरघर जवळजवळ सतत असते आणि कान तयार नसतील तर तो सिनेमा नुसताच विचित्र वाटतो. तीन तासांचा ‘इनलँड एम्पायर’ (2006) मात्र सगळ्यात शेवटी.