सज्ज्यावरची खंजिरी खाली काढा: तब्येतीसाठी गाणं-बजावणं, नाटक, म्युझियम कसं वापरायचं

आधी माझी चूक सांगते म्हणजे तुमचे पैसे वाचतील. आई गेल्यावर बाबा एकदम गप्प झाले, जेवण अर्धं, झोप अर्धी, दिवसभर टीव्हीसमोर बसून असायचे आणि टीव्ही बंद. मी कुठंतरी वाचलं की रंग भरल्याने मन शांत होतं, लगेच मोबाइलवरून मोठ्या माणसांसाठीचं रंगवायचं पुस्तक आणि छत्तीस रंगांचा डबा मागवला. बाबांनी पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "काहून आणलं हे? मी काय केजीत आहो?" आठ दिवसांनी बघते तर त्या गोल गोल पाकळ्यांमधे दुधाचा हिशोब लिहिलेला, तोही लाल पेन्सिलने. मग एका 'आनंदी जगा' छाप शिबिराला नेलं, तीन हजार रुपये फी, सगळ्यांना गोल उभं करून जोरजोरात हसायला लावलं. परत येताना ऑटोत बाबा एवढंच बोलले, "दात दाखवायचे तीन हजार?"

जे लागू पडलं ते घरातच होतं. मार्चमधे कूलरची मोटर काढायला सज्ज्यावर चढले तर मागे जुन्या धोतरात गुंडाळलेली खंजिरी सापडली. बाबा लग्नाआधी गावच्या गुरुदेव सेवा मंडळात भजनाला बसायचे, तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं, हे मला ऐकून माहीत होतं पण कधी बघितलं नव्हतं. कातडं पार सैल पडलेलं, वाजवलं की ढप ढप. बाबा काही न बोलता उठले, किचनमधे गेले, गॅस बारीक केला आणि खंजिरी ज्वाळेपासून वीतभर वर धरून हळूहळू फिरवायला लागले, मधे मधे बोटाने टिचकी मारून कानाशी नेत होते, ढप, ढप, ढप आणि मग एकदम टण्ण. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली.

तर मुद्दा हा की "तुम्हाला काय आवडतं" हे विचारूच नका. उदास माणसाला काहीच आवडत नसतं, तो नाहीच म्हणणार. "तुम्ही आधी काय करायचे" हे विचारा, आणि त्यांना आठवत नसेल तर मावशी, आत्या, काकांना फोन लावा. आपल्या विदर्भातल्या कुठल्याही बाईला भुलाबाईची दोन-चार गाणी येतातच, कोणी जात्यावर ओव्या म्हटलेल्या असतात, कोणाला भीमगीतं तोंडपाठ असतात, कोणी गणपतीत नाटकात पोलीस झालेला असतो आणि त्याचा तो एकच डायलॉग अजून पाठ असतो. नवीन कला शिकायची असेल तर शिका ना, चांगलंच आहे, पण खचलेल्या माणसाला नवीन काही शिकवायला गेलं की आधी त्याला स्वतःचं न जमणंच दिसतं. जुनं जे हातात बसलेलं असतं त्यात हात आपोआप पुढे जातो.

मग डोस ठरवायचा. हे मी गमतीने नाही म्हणत, बीपीची गोळी जशी वेळेवर घेतो तसा वार आणि वेळ पक्की करायची, नाहीतर "करू कधीतरी" मधे सहा महिने जातात. आमच्याकडे मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी सात, पाऊण तास, त्याच्या वर नाही. शेजारचे दोन काका येतात, एक टाळ वाजवतात आणि एक फक्त चहा प्यायला येतात, तरी चालतं. खरं सांगू तर निम्मा फायदा त्या चहावाल्या काकांचाच आहे, कारण सात वाजता कोणीतरी येणार म्हणून बाबा साडेसहाला अंघोळ करून, शर्ट बदलून बसतात. एकट्याने हेडफोन लावून गाणी ऐकण्यात हे होत नाही.

आता कोणी म्हणेल हे सगळं मनाचे खेळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मधे एक मोठा आढावा काढला, ३००० हून जास्त अभ्यास तपासून, आणि आजार टाळण्यापासून ते आजारात सोबत करण्यापर्यंत कलांचा उपयोग होतो असं त्यात मांडलं. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या पन्नाशीच्या पुढच्या ६७१० लोकांचा १४ वर्षांचा अभ्यास आला, जे दर दोन-चार महिन्यांनी तरी नाटक, मैफल, म्युझियम बघायला जातात त्यांचा त्या काळात मरण्याचा धोका न जाणाऱ्यांपेक्षा ३१ टक्के कमी निघाला. पण लगेच तिकीट काढायला पळू नका, ज्याच्याकडे पैसा आणि चालते पाय आहेत तोच नाटकाला जातो हेही आहे. संशोधकांनी तो हिशोब धरूनही फरक उरला, तरी नाटकामुळेच आयुष्य वाढलं असं यातून सिद्ध होत नाही. मी तर यातून एवढंच घेतलं की नुकसान काही नाही आणि कूलरपेक्षा स्वस्त आहे.

गाण्याबद्दल जरा जास्त सांगते कारण त्यातला अनुभव आहे. गाताना श्वास पटकन घ्यावा लागतो आणि हळूहळू सोडावा लागतो, म्हणजे प्राणायामच झाला, फक्त नाक धरून बसायचा कंटाळा नाही. खुर्चीवर बसवा, पाय जमिनीला टेकलेले, पाठ सरळ. सूर खालचा धरा, म्हाताऱ्या गळ्याला वरचा सूर दिला की खोकला सुरू आणि मूड खलास. ओळ मोठी असेल तर मधेच श्वास घ्यायला सांगा, हे काही कॉम्पिटिशन नाही. दम्याचा त्रास असेल तर पंप बाजूला ठेवा, हर्नियाचं किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जोर लावून गाऊ नका. आणि कानाची मशीन लावणाऱ्या माणसाच्या बाजूला टाळवाला बसवू नका, आम्ही बसवला होता, बाबा दहा मिनिटांत मशीन काढून खिशात टाकून मोकळे झाले आणि पुढचं सगळं भजन भलत्याच लयीत.

लकवा मारून बोलणं गेलेल्या माणसाच्या घरच्यांनी हे नक्की करून बघा. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की काहींना साधं "पाणी दे" म्हणता येत नाही पण ओळखीची आरती शब्दांसकट म्हणता येते. घरचे लोक हे बघून घाबरतात नाहीतर चमत्कार समजतात. चमत्कार नाही हो, १९७३ पासून याच गोष्टीवर बेतलेली उपचारपद्धत आहे, बोस्टनच्या डॉक्टरांनी मांडलेली, शब्द सुरात म्हणत आणि हाताने ठेका देत बोलण्याकडे यायचं. ती स्पीच थेरपिस्टकडूनच शिकायची, पण तोपर्यंत रोज सोबत बसून आरती म्हणायला कोणाची परवानगी लागत नाही. विसरण्याचा आजार असेल तर माणसाच्या पंधरा ते तीस वयातली गाणी शोधा, तुमच्या आवडीची नाही, त्यांच्या तरुणपणी आकाशवाणीवर लागायची ती.

गाणं नकोच असेल तर नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे म्युझियममधे न्या. हसू नका. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमधे २०१८ मधे डॉक्टरांनी पेशंटला चक्क म्युझियमची भेट लिहून द्यायला सुरुवात केली, आणि आपल्याकडे सिव्हिल लाइन्समधे १८६३ पासूनचं म्युझियम उभं आहे जिथे आपण शाळेच्या ट्रिपनंतर गेलेलोच नाही. पद्धत मात्र बदला. सगळी दालनं बघत धावायचं नाही, दोनच वस्तू निवडायच्या आणि प्रत्येकीसमोर दहा मिनिटं थांबायचं. एखादी मूर्ती बघून "हिचा हात कोणी तोडला असेल", "हे दागिने आजीकडे होते का" असल्या गप्पा काढायच्या. बाबा भुसा भरलेल्या प्राण्यांसमोर थांबले आणि गावाकडच्या वाघाची अशी गोष्ट सांगितली जी मी आयुष्यात ऐकली नव्हती, खरी किती ते वाघच जाणे. निघण्याआधी सुट्टीचा वार बघून घ्या, आणि एप्रिल-मेमधे दुपारी अजिबात नको, पारा ४५ च्या आसपास असताना तब्येत सुधारायला बाहेर पडणं म्हणजे शुद्ध येडेपणा.

नाटक-गाण्याच्या कार्यक्रमाला न्यायचं तर रेशीमबागचं सुरेश भट सभागृह असो की सिव्हिल लाइन्सचं देशपांडे सभागृह, कडेची सीट धरा म्हणजे मधेच बाथरूमला जाताना वीस जणांचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. एसीसाठी शाल घ्या, शुगरवाल्यांसाठी डब्यात काहीतरी घ्या, परतीचा ऑटो आधीच ठरवा. आवडलं नाही तर इंटरव्हलला उठून या, पैसे वसूल करायला बसवून ठेवू नका. झाडीपट्टीची, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातली नाटकं बघायची हौस असेल तर गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसाकडे जा, पण ती रात्रभर चालतात, त्यामुळे इन्सुलिनवाल्या पेशंटला घेऊन नाही, भाच्याला घेऊन जा.

आणि ज्यांना लोकांसमोर काहीच करायचं नाही (माझ्यासारखे) त्यांच्यासाठी माझा स्वतःचा एक प्रकार आहे, मी त्याला घरगुती बडग्या म्हणते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे नागपुरात मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते, इडा-पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत असं सगळा गाव ओरडतो, आणि सोबत बडगे असतात, ज्या ज्या गोष्टीचा राग येतो तिचा पुतळा. मी वहीत तेच करते. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, जे खुपतं ते लिहायचं, शुद्धलेखन गेलं उडत, कोणाला दाखवायचं नाही. चार दिवस पंधरा मिनिटं हे माझं डोकं नाही, १९८६ च्या एका अमेरिकन प्रयोगातून उचललंय, मानसशास्त्रात त्यावर पुढे बरंच काम झालं. पाचव्या दिवशी पानं फाडायची आणि शक्य असेल तर जाळायची. लिहून झाल्यावर थोडा वेळ जड वाटतं ते नॉर्मल आहे, पण दिवसभर तेच डोक्यात फिरून राहिलं असेल तर लिहिणं थांबवा, आईबद्दल लिहिताना मला दोनदा थांबवावं लागलं.

रांगोळीचं थोडक्यात, कारण मला येत नाही. चिमटीने रेघ सोडणं हा बोटांना चांगला व्यायाम आहे, पण गुडघे दुखणाऱ्या बाईला उकिडवं बसवू नका, टेबलावर काळा प्लायवुड ठेवा आणि खुर्चीवर बसून काढू द्या.

एक गोष्ट मात्र सिरियसली घ्या. यातलं काहीही गोळीच्या बदल्यात नाही, बीपी, शुगर, डिप्रेशन कशाचीच औषधं आपल्या मनाने बंद करायची नाहीत. दोन आठवड्यांच्या वर झोप-भूक गेलेली असेल, माणूस रडत असेल किंवा एकदम सुन्न असेल तर आधी डॉक्टर आणि मग भजन. मरणाच्या गोष्टी बोलत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, त्याला एकटं सोडू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्री आहे, रात्री पण लागतो आणि मराठीत बोलता येतं. मी बाबांच्या बाबतीत भजनाच्या दीड महिना आधी डॉक्टर गाठायला पाहिजे होते, रंगपेट्या मागवत बसले.

पहिल्या वेळी "मले नाई जमत आता" हे ऐकावं लागणारच. वाद घालू नका, वस्तू समोर ठेवा आणि तुम्ही स्वतः वाईट वाजवायला लागा. माझं वाजवणं बाबांना दोन मिनिटंही सहन झालं नाही. आता पावसाळ्यात कातडं परत सैल पडून राहिलंय, रोज साडेसहाला गॅसचा चुला अडवून बसतात आणि माझी भाजी अर्धी कच्ची राहते.