हातकामाच्या ऑनलाइन दुकानात खरंच किती सुटतं?

गोव्यातल्या माशेलच्या आमच्या घरात क्रोशाची सुई आजीच्या काळापासून आहे. देवघराचा पडदा, टीपॉयवरचा रुमाल, दाराचं तोरण, सगळं घरीच विणलेलं. त्यामुळे इन्स्टाग्रामवर दुकान उघडताना काय विकायचं हा प्रश्न कधी पडला नाही. भाव काय लावायचा हा प्रश्न मात्र पडायला हवा होता, आणि पहिले सहा महिने मी तो स्वतःला विचारलाच नाही. आता आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी मेसेज करतं, ‘ताई, यात महिन्याला किती मिळतात?’ म्हणून वहीच उघडून बसले आहे. आकडे माझ्या वहीतले आहेत, तुमचे वेगळे येतील, पण हिशेबाची रीत कामाला येईल.

पहिल्या सहा महिन्यांत मी १८ तोरणं विकली, प्रत्येकी ६५० रुपयांना. विक्री ११,७०० रुपये. घरात सगळे खूश. मग एका रविवारी एका तोरणाचा खर्च मांडला: सुती दोरा १४०, मणी आणि घुंगरू ४५, खोका-पिशवी ३५, कुरिअर १७०. म्हणजे ३९० गेले, २६० राहिले. आणि एक तोरण विणायला मला १३ तास लागत होते. भागाकार केला तर तासाला २० रुपये. त्या रात्री मी सुई हातात घेतली नाही.

नव्याने सुरू करणाऱ्या प्रत्येकीला मी पहिल्यांदा हेच सांगते. दोऱ्याचा हिशेब सगळ्याच ठेवतात, तासांचा कुणी ठेवत नाही. मोबाइलवर घड्याळ लावून एक वस्तू पूर्ण करा. त्यात फोटो काढणं, ‘रंग कुठले आहेत?’ या दहा मेसेजना उत्तर देणं, पॅकिंग, पोस्टात जाऊन येणं हेही धरा. माझ्या नोंदीत एकूण वेळेचा जवळजवळ तिसरा हिस्सा या कामांत जातो. दिवसाला पाच तास आणि महिन्याला २५ दिवस धरले तर १२५ तास होतात, त्यातले विणायला मिळतात ८३ च्या आसपास. विणण्याच्या तासाला १०० रुपये सुटले तरी महिन्याचे ८,३०० होतात. एकट्या बाईच्या दोन हातांना ही मर्यादा आहेच. रील लाखभर लोकांनी पाहिली तरी हात दोनच राहतात.

तर मग कमाई वाढते कशी? माझी पहिली वाढ कुरिअरमध्ये सापडली, आणि ती मला अजून आश्चर्याची वाटते. बहुतेक खासगी कुरिअर कंपन्या पार्सलचं खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि साधारणपणे ५,००० ने भागायचं. माझं तोरण जेमतेम ३०० ग्रॅमचं. पण फुलं चुरगळतील या भीतीने मी ते ४० बाय ३० बाय १० च्या खोक्यात पाठवत होते. १२,००० भागिले ५,००० म्हणजे २.४ किलो! मी हवेचे पैसे भरत होते. आता तोरण पुठ्ठ्यावर आडवं बसवून, वर बटर पेपर लावून ३० बाय २५ बाय ४ च्या पाकिटात जातं. ते भरतं ०.६ किलो. कुरिअर ८० रुपयांवर आलं, आणि सुती फूल दाबलं गेलं तरी वाफेच्या इस्त्रीने सरळ होतं, हे त्या पाकिटात चिठ्ठी घालून गिऱ्हाइकाला सांगते.

दुसरं, नमुना बदलला. दाट जाळी काढून टाकली, फुलं सुटी टांगली, वेळ १३ तासांवरून ८ वर आला. भाव १,२५० केला. दोन महिने विक्री निम्म्यावर आली, मी घाबरले होते. पण आज त्या तोरणामागे खर्च जाऊन ९९० उरतात, म्हणजे तासाला सव्वाशेच्या आसपास. आणि १,२५० देणारं गिऱ्हाईक क्वचितच घासाघीस करतं.

छोट्या वस्तूंचं गणित निराळं. मोदकाची की-चेन ३५ मिनिटांत होते आणि १५० ला जाते. दोरा, कडी, पिशवी मिळून ३० रुपये. ऐकायला झकास वाटतं, पण एकच की-चेन कुणी ६० रुपये कुरिअर देऊन मागवत नाही. म्हणून ती मी चारच्या संचातच विकते. कार्टूनमधल्या पात्रांच्या बाहुल्या मात्र विणून विकू नका. त्या पात्रांचे हक्क कुणाच्या तरी मालकीचे असतात, आणि तक्रार आली तर दुकानाचं पानच बंद होऊ शकतं.

चवथीच्या आधीच्या महिन्यात ऑर्डरी आवरेनात, तेव्हा शेजारच्या काकींना फुलं विणायला दिली. नमुना असा: सहा साखळी-टाक्यांचं कडं, त्यात १२ खांब-टाके, वर सहा पाकळ्या. काकींचा हात माझ्यापेक्षा सफाईदार आहे. तरी तोरण जोडलं तेव्हा एका बाजूला वर चढलेलं दिसलं. पट्टी लावून मोजलं: माझं फूल साडेसहा सेंटिमीटरचं, त्यांचं जेमतेम सहाचं. त्यांचा हात घट्ट, माझा सैल. नमुना, दोरा, सुई सगळं एकच असूनही असं होतं. त्यांना २.५ मिलिमीटरच्या सुईऐवजी ३ ची सुई दिली आणि फुलं जुळली. तेव्हापासून नवीन बाईला काम देताना आधी तीन फुलं करून घेते, मोजते, मग सुई ठरवते. मजुरी सुरुवातीला फुलामागे १२ रुपये होती. तासाला चार फुलं म्हणजे ४८ रुपये. ते मला बोचत होतं, म्हणून १५ केली. स्वतःला तासाचे वीस रुपये पडले तेव्हा मला जे वाटलं ते दुसऱ्या बाईच्या वाट्याला माझ्या दुकानामुळे येऊ नये.

त्याच मोसमात एक मोठा फटका बसला. माल पोहोचल्यावर पैसे, अशा ११ ऑर्डरी घेतल्या होत्या. चार परत आल्या. कुणी फोन उचलला नाही, कुणी ‘आता चतुर्थी झाली’ म्हणाले. जायचं भाडं गेलं, परतीचंही गेलं, आणि एक पार्सल ओलं होऊन आलं. कुरिअरवाल्यांनी जबाबदारी घेतली नाही. आता पैसे आधी, यूपीआयने, मग पार्सल. यूपीआयवर विक्रेत्याला कमिशन पडत नाही, हेही आपल्यासारख्यांना फार मोलाचं आहे.

मोठ्या ऑनलाइन बाजारात गिऱ्हाईक आयतं मिळतं, पण कापलेला हिस्सा आधी मोजा. एत्सी या हातकामाच्या वस्तूंच्या परदेशी ऑनलाइन बाजारात एक वस्तू मांडायला ०.२० डॉलर लागतात, ती मांडणी चार महिने टिकते. विकली गेली की ६.५ टक्के जातात, आणि ते टक्के पाठवणावळीवरही लागतात. पैसे वळते करण्याचं शुल्क त्याहून वेगळं. परदेशी माल पाठवायला आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांकही हवा. जीएसटीत वस्तू विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांपर्यंत साधारणपणे नोंदणी लागत नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्यांनाही ऑनलाइन बाजारातून आपल्याच राज्यात विकता येतं. पण २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. तोरणांचं खरं गिऱ्हाईक मला पुण्या-मुंबईत मिळतं. ठराविक हस्तकला वस्तूंना परराज्यातल्या विक्रीसाठी नोंदणीतून वेगळी सवलत आहे. आपली वस्तू त्या यादीत बसते का, हे एकदा सीएला पैसे देऊन विचारून घ्या. छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते, त्यासाठी एजंटला एक रुपया देऊ नका.

आता महिन्याचं उत्तर. हे तिसरं वर्ष. चतुर्थी ते दिवाळीच्या तीन महिन्यांत विक्री महिन्याला ३० हजारांच्या आसपास जाते, काकींची मजुरी देऊन १३-१४ हजार हातात राहतात. जून-जुलैत विक्री पाच-सहा हजार, उरतात अडीच. बाकीचे महिने सहा-सात हजार सुटतात. वर्षाची सरासरी काढली तर साडेसात हजार. एवढ्यावर घर चालत नाही. नोकरी सोडून यात उतरू का असं विचारणाऱ्या मुलींना मी स्पष्ट नको म्हणते, निदान सलग दोन चतुर्थ्यांचा हिशेब वहीत येईपर्यंत तरी. याच्या जोडीला मी ऑनलाइन शिकवते: आठ जणी, प्रत्येकी ८०० रुपये, महिन्याला १२ तास. त्याचे ६,४०० होतात आणि दोरा लागत नाही.

जानेवारीत पणजीत दर्यासंगमावर लोककला-हस्तकलेचा लोकोत्सव भरतो. तिथे हातात घेऊन पाहिलेलं तोरण लोक विसरत नाहीत. स्टॉलवरून नेलेल्या कार्डावरचा नंबर पाहून जूनमध्येही फोन येतात.

आणि पावसाचं सांगायचं राहिलं. आपल्याकडच्या दमटपणात सुती माल पंधरा दिवसांत वास धरतो, मग काळे ठिपके येतात. एका पावसाळ्यात माझी सहा तोरणं अशी गेली. आता पत्र्याच्या पेटीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि माल, आणि ऊन पडलं की पेटी अंगणात उघडते. फोटो मात्र मे महिन्यातच काढून ठेवते, जूनपासून खिडकीत तेवढा उजेड मिळत नाही.