मुरमाड बांधावर गिरीपुष्प लावताय? मुळाची गाठ फोडून बघा

मंगळवेढ्याची काळी कसदार जमीन सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. सोलापूर जिल्ह्यात मुरमाड माळही पुष्कळ. अशा बांधावर गिरीपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, लावा. तिच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात. झाड त्यांना साखर पुरवतं, ते हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, झाडाला घेता येईल असा करून देतात.

खड्ड्यात जुन्या गिरीपुष्पाखालची ओंजळभर माती टाका, म्हणजे जिवाणू सोबत येतात. थोडं सुपर फॉस्फेट चालेल. युरिया नको, आयता नत्र मिळाला की गाठी कमी धरतात.

पावसाळ्यात ओल असताना एखाद्या रोपाची बारीक मुळं हलक्या हाताने उकरा आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लालसर दिसलं तर काम चालू आहे; पांढरं किंवा हिरवट असेल तर नाही. ती लाली दिसली की मला अजूनही फार आनंद होतो. चिंचेखाली मात्र शोधू नका; शेंगांच्या बऱ्याच झाडांना अशा गाठी असतात, पण चिंचेला शेंगा असल्या तरी गाठी येत नाहीत.

हा नत्र बराचसा पाल्यात साठतो. म्हणून रब्बी ज्वारीच्या पेरणीआधी कोवळ्या फांद्या छाटून पाला रानात पसरा आणि मातीत मिसळा.