मायक्रोवेव्हमध्ये अन्न तापवताना विषाणू मरावेत म्हणून काय करावे

घरात कुणाला कावीळ झाली किंवा इमारतीत उलट्या-जुलाबांची साथ आली, की आमच्या काकूंचा प्रश्न ठरलेला: "मायक्रोवेव्हमध्ये एकदा फिरवून घेतलं की मरतात ना रे सगळे?" मरतात, पण फिरवल्याने नाही, तापल्याने. आणि जेवढा भाग तापला, तेवढ्यातलेच.

ओव्हनमधल्या लहरींची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ. क्ष-किरणांसारखी रेणू तोडण्याची ताकद त्यांच्यात नसते. त्या अन्नातलं पाणी तापवतात आणि त्या उष्णतेने विषाणूची प्रथिनं बिघडतात, अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर पुन्हा पातळ होत नाही तशी. गॅसवर तापवलं काय नि ओव्हनमध्ये काय, विषाणूला दोन्ही सारखंच. फरक आपल्याला पडतो. गॅसवरचं वरण रटरटताना दिसतं. ओव्हनमधली वाटी मात्र कडेला उकळते आणि मध्ये कोमट राहते.

किती तापवायचं? करोना किंवा फ्लूच्या विषाणूवर चरबीचं वेष्टन असतं, ते नाजूक. २०२० साली झालेल्या प्रयोगात द्रवातला करोना विषाणू ७० अंश सेल्सिअसला ५ मिनिटांत निकामी झाला होता. अन्नातून पोटात जाणारे विषाणू वेगळे. उलट्या-जुलाब करणारा नोरोव्हायरस आणि कावीळ करणारा हिपॅटायटिस ए यांना ते वेष्टनच नाही, म्हणून ते जास्त चिवट. नोरोव्हायरस ६० अंशांच्या आसपासही तग धरू शकतो. हिपॅटायटिस ए साठी सांगितला जाणारा आकडा आहे ८५ अंश, १ मिनिट, तोही पदार्थाच्या आतल्या भागात. शिळं अन्न ७४ अंशांपर्यंत तापवा असा अमेरिकी सल्ला आहे, पण त्याचा रोख मुख्यतः जिवाणूंवर. घरात आजारपण असेल तर मी ८५ च धरतो.

१. आधी आपला ओव्हन ओळखा. एका कपात २५० मिली साधं पाणी घ्या, त्यात लाकडी काडी ठेवा (नाहीतर शांत दिसणारं पाणी चमचा घालताच उसळून हातावर येतं) आणि पूर्ण शक्तीवर लावा. दोन मिनिटांत उकळलं तर पाण्याला साधारण ७०० वॅट मिळतात, तीन मिनिटं लागली तर ५०० च्या आतबाहेर. पाककृतींमधली मिनिटं दुसऱ्या कुणाच्या तरी ओव्हनची असतात, हे यातून कळतं.

आता पापडांची गंमत. फिरती तबकडी आणि तिच्याखालची कडी काढा, सपाट काचेच्या ताटलीवर कच्चे उडदाचे पापड शेजारी शेजारी मांडा आणि अर्धा मिनिट लावा. काही ठिकाणी फुललेले ठिपके येतील, काही ठिकाणी पापड कच्चाच राहील. या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटीमीटर. त्या आत आदळून परत फिरतात, एकमेकींत मिसळतात, आणि कुठे जोर वाढतो, कुठे जवळजवळ नाहीसा होतो. तबकडी फिरते ती हे झाकायला, पण पूर्ण झाकू शकत नाही. तो कच्चा ठिपका म्हणजे तुमच्या भाजीतली विषाणूंची सुरक्षित जागा.

२. फ्रीझरमधलं अन्न आधी फ्रिजमध्ये ठेवून सुटू द्या. बर्फ या लहरी फारच कमी शोषतो, पाणी भरपूर. त्यामुळे कडेची आमटी उकळत असते आणि मध्ये गोळा तसाच.

३. पसरट काचेचं भांडं घ्या. भात, उसळ, भाजी यांचा डोंगर करू नका. कडेने पसरा, मध्ये खळगा ठेवा. कोरड्या अन्नावर दोन चमचे पाणी शिंपडा आणि सैल झाकण घाला. आत कोंडलेली वाफच लहरी चुकलेल्या जागांपर्यंत उष्णता पोहोचवते.

४. निम्म्या वेळेला थांबवा, तळापासून ढवळा, पुन्हा लावा. सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी हीच, आणि कामाची पायरीही हीच. ढवळता न येणारे पदार्थ, म्हणजे भरली वांगी, कटलेट, मांसाचे जाड तुकडे, मी सरळ गॅसवर नेतो.

५. बंद झाल्यावर झाकण न काढता दोन मिनिटं राहू द्या, म्हणजे उष्णता आतपर्यंत पसरते. मग खुपसायचा थर्मामीटर असेल तर मधोमध आणि आणखी दोन-तीन ठिकाणी पाहा. नसेल तर मध्यभागीसुद्धा बुडबुडे फुटताना दिसले पाहिजेत. नुसती वाफ हा पुरावा नव्हे. वाढायला धुतलेला चमचा घ्या. नोरोव्हायरसचे अगदी थोडे कण आजारी पाडायला पुरतात, आणि ते बहुधा हातांवरूनच येतात.

रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताला यातलं काहीच लागू नाही. त्यात वाढणारा बॅसिलस सेरियस हा जिवाणू जे विष सोडतो, ते उकळूनही जात नाही. तो भात फोडणीलाही घेऊ नका. बाळाची दुधाची बाटलीही ओव्हनमध्ये नको, बाहेरून कोमट लागते आणि आतलं दूध तोंड पोळतं.

तिसऱ्यांबद्दल, म्हणजे खायच्या शिंपल्यांबद्दल, थोडं जास्त सांगायला हवं. शिंपल्यातले जीव पाणी गाळून जगतात, त्यामुळे सांडपाण्यातले विषाणू त्यांच्यात साठतात. १९८८ मध्ये शांघायमध्ये अर्धकच्चे शिंपले खाऊन सुमारे ३ लाख लोकांना हिपॅटायटिस ए ची कावीळ झाली. ते शिंपले जेमतेम उघडतील इतकेच गरम पाण्यात बुडवले जात. आपल्याकडेही "उघडली म्हणजे शिजली" असं म्हणतात. तसं नसतं. तिसऱ्या गॅसवरच करा आणि उघडल्यावरही झाकण ठेवून चार-पाच मिनिटं रटरटू द्या.

आता अन्नाव्यतिरिक्त. सुक्या वस्तूत तापायला पाणीच नसतं, म्हणून मास्क, पाकिटं, नोटा ओव्हनमध्ये घालून काही साधत नाही. मास्कच्या नाकाशी तार असते, तिच्याने ठिणगी उडते. २०२० मध्ये दक्षिण कोरियात लोकांनी विषाणूच्या भीतीने नोटा ओव्हनमध्ये घातल्या, त्या जळाल्या, आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेला असं करू नका म्हणून सांगावं लागलं. आपल्या नोटांतही धातूचा लेप असलेला सुरक्षा धागा आहेच.

भांड्यांचा स्पंज तेवढा चालतो. फ्लोरिडा विद्यापीठातल्या प्रयोगात ओल्या स्पंजवरचे ९९ टक्क्यांहून जास्त जंतू दोन मिनिटांत मेले. २००७ च्या सुरुवातीला ही बातमी पसरल्यावर काहींनी कोरडेच स्पंज आत घातले आणि धूर काढला. करायचंच असेल तर स्पंज पाण्याने गच्च भिजवा, धातूची घासणी नाही ना हे बघा, दोन मिनिटं लावा आणि चिमट्याने काढा. पण २०१७ मध्ये जर्मनीत घराघरांतले वापरातले स्पंज तपासले, तेव्हा अधूनमधून असे स्वच्छ केलेल्या स्पंजांतही जिवाणू कमी सापडले नाहीत. आमच्या ओट्यावर दर पंधरा दिवसांनी नवा येतो.