जुन्या एमएक्स-५ ची निगा : आधी पाणी, मग इंजिन

माझदाची एमएक्स-५ ही दोन आसनांची, उघड्या छताची स्पोर्ट्स कार फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली, आणि तिची पहिली पिढी, म्हणजे हेडलाइट झाकणासारखे वर उघडणारी गाडी, १९९७ पर्यंत बनत राहिली. जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली जात असे, आणि तिथून आयात झालेल्या अशा पुष्कळ गाड्या आज इंग्लंडमध्ये आहेत. माझी १९९१ ची १.६ लिटरची गाडी त्यांतलीच एक. ती सांभाळताना माझे एक मत पक्के झाले आहे : या गाडीचे इंजिन योग्य निगा राखल्यास मालकाला सहसा दगा देत नाही, पण साचलेले पाणी गाडी आतून खाऊन टाकते. म्हणून पान्हा हातात घेण्याआधी पाणी कुठून येते आणि कुठून बाहेर जाते, हे पाहावे.

कापडी हुडाच्या, म्हणजे घडी होणाऱ्या छताच्या, मागच्या कडेला आतून एक पन्हळ असते. हुडावरून उतरलेले पाणी या पन्हळीतून आसनांच्या मागे दोन्ही बाजूंना असलेल्या भोकांत जाते आणि तिथून नळीवाटे मागच्या चाकाच्या पुढे, गाडीखाली पडते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पाने आणि माती साचून ही भोके बुजतात, आणि मग तेच पाणी दाराखालच्या पोकळ तुळईत, म्हणजे सिलमध्ये, शिरते. पावसाळ्याच्या तोंडावर घराच्या पन्हळी साफ करतात, तितक्याच नेमाने ही भोके वर्षातून दोनदा साफ करावीत. त्यासाठी कडक तार वापरू नये, कारण नळीला छिद्र पडले तर पाणी थेट सिलमध्येच उतरते. गवत कापण्याच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी हळूहळू आत सरकवावी. नंतर प्रत्येक भोकात बाटलीभर पाणी सावकाश ओतून ते खाली तितक्याच वेगाने पडते का, हे वाकून पाहावे.

सिलचा मागचा भाग, मागच्या चाकाच्या अगदी पुढचा, ही या गाडीची सर्वांत नाजूक जागा आहे. तिथे रंगाला फोड दिसला, तर पत्रा आतून केव्हाच सडलेला असतो, असे समजून चालावे. पुट्टी भरून वर रंग मारणे ही दुरुस्ती मुळीच नव्हे. या गाडीला वर पक्के छत नाही, त्यामुळे तिची बरीचशी ताकद सिलमध्येच आहे. शिवाय सीटबेल्ट आणि सस्पेन्शन जिथे बसतात ती जागा जवळच असल्याने इंग्लंडमधल्या वार्षिक तपासणीत गाडी इथेच नापास होते. कुजलेला पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापावा, आतला थरही बदलावा, आणि नवा पत्रा टाके मारून बसवल्यावर पूर्ण वेल्डिंग करण्याआधी दार दोन-तीनदा उघडझाप करून त्याची फट वर-खाली सारखी आहे, याची खात्री करावी. पेट्रोलची टाकी आसनांच्या मागेच आहे, म्हणून हे काम अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्यावे. शेवटी सिलच्या पोकळीत मेणाचा फवारा मारावा आणि तळाची निचऱ्याची भोके मोकळी ठेवावीत.

बॅटरी डिकीत असते. तिथे साधी ॲसिडची बॅटरी बसवली असेल, तर तिची वाफ बाहेर नेणारी नळी जोडलेली असायलाच हवी, नाहीतर डिकीचा पत्रा आम्लाने खराब होतो.

आता इंजिन. रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी नवी असताना काळी असते. ती हिरवट-तपकिरी दिसू लागली की प्लास्टिक ठिसूळ झालेले असते, आणि ती फुटण्याची वाट न पाहता रेडिएटर बदलावा. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्या हालचालींचा मेळ राखणारा टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना, म्हणजे सुमारे ९६,००० किलोमीटरला बदलायचा असतो. या इंजिनांत तो तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, पण गाडी रस्त्यातच बंद पडते. बेल्टबरोबर पाण्याचा पंप आणि पुढची ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) बदलली तर मजुरी एकदाच पडते. सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकशाफ्टचे, म्हणजे मुख्य फिरणाऱ्या दांड्याचे, पुढचे टोक आखूड असल्याने तिथली पुली सैल होण्याचा दोष होता. इंजिन चालू असताना ती डगमगताना दिसली, तर गाडी तशीच चालवू नये.

तेलगळतीबाबत मात्र थोडे थांबून सांगतो. माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सच्या जोडापाशी तेल ठिबकू लागले, तेव्हा एका गॅरेजने क्रँकची मागची सील गेल्याचे सांगून गिअरबॉक्स उतरवण्याचा खर्च कळवला. खरा दोष इंजिनाच्या डोक्याच्या मागे बसवलेल्या कॅम अँगल सेन्सरच्या (ठिणगीची वेळ ठरवण्यासाठी कॅमशाफ्टची स्थिती ओळखणाऱ्या भागाच्या) रबरी ओ-रिंगचा होता. तिथून झिरपलेले तेल मागच्या बाजूने ओघळत खाली येते आणि सीलवर आळ येतो. सेन्सरची मूळ जागा खुणेने नोंदवावी, १२ मिलिमीटरचा एकच बोल्ट काढावा आणि सेन्सर सरळ मागे ओढावा. जुनी रिंग बोटाला रबरासारखी लागतच नाही. ती चपटी, कडक झालेली असते आणि नखाने उचलताच तुटते. नव्या रिंगला तेलाचे बोट लावून सेन्सर खुणेवर बसवावा. मग इंजिन गरम झाल्यावर बॉनेटखालच्या तपासणीच्या डबीतील टीईएन (TEN) आणि जीएनडी (GND) अशी खूण असलेली टोके तारेने जोडून टायमिंग लाइटने ठिणगीची वेळ १० अंशांवर आहे का, ते पाहावे.

क्लच दाबूनही गिअर अडकत असेल, तर गिअरबॉक्सच्या बाजूच्या स्लेव्ह सिलिंडरचे (द्रवाच्या दाबाने क्लच ढकलणाऱ्या नळकांड्याचे) रबर सरकवून बघावे. आत ओल दिसली की पेडलकडचा मास्टर सिलिंडर आणि हा स्लेव्ह, दोन्ही बदलावेत.

मागच्या ब्रेकचे कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती दाबून धरणारे भाग, पडून राहिलेल्या गाडीत हमखास जाम होतात. गाडी जॅकवर ठेवून कधीही खाली शिरू नये. पक्क्या स्टँडवर टेकवावी. हँडब्रेक सोडून कॅलिपरच्या मागचा झाकणाचा बोल्ट काढला की आत ४ मिलिमीटरच्या ॲलन चावीचा स्क्रू सापडतो. चाक अडेपर्यंत तो घड्याळाच्या दिशेने फिरवावा आणि मग एक तृतीयांश फेरा मागे घ्यावा. हे केल्याशिवाय नुसती हँडब्रेकची केबल ताणणे चुकीचे आहे.

हुड खाली घेताना मागच्या प्लास्टिकच्या खिडकीची चेन आधी उघडावी आणि खिडकी सपाट झोपवावी. कडाक्याच्या थंडीत प्लास्टिक तडकते, तेव्हा हुड उघडूच नये. आणि कापड ओले असेल, तर गाडी आडोशाला लावून ते पूर्ण वाळल्यावरच घडी घालावी.